वहीतल्या तीन पाटीलवहिनी

वाचकांचे प्रश्न : छोटे व्हिडिओ आणि आपलं ॲप

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की, ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कुणी एखादं ॲप बनवलंय आणि ते इन्स्टाग्रामवर रील, यूट्यूबवर शॉर्ट्स करून लोकांपर्यंत न्यायची धडपड चाललीय, त्यांनी आपली अडचण कळवावी. टपालाने आणि मेलवर मिळून इतकी पत्रं आली की वाचायलाच आठवडा गेला. बहुतेकांचं दुखणं एकच आहे: व्हिडिओ पाहिला जातो, ॲप घेतलं जात नाही. म्हणून बार्शीच्या ताईंच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी बार्शीत पंधरा वर्षं ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकांची मापं नोंदवून ठेवायला माझ्या भाच्याने एक ॲप बनवलं आणि प्ले स्टोअरवर टाकलं. मी त्याचे ११ व्हिडिओ केले. एकाला ४१ हजार व्ह्यूज आले, पण ॲप घेतलं ६३ जणींनी आणि त्यातल्या निम्म्या आमच्या नात्यातल्या. भाचा म्हणतो, आणखी व्हिडिओ टाक. माझा धीर सुटत चाललाय. कुठे चुकतंय?

ताई, तुमचे अकराही व्हिडिओ ओळीने पाहिले. ४१ हजारवाला चार वेळा पाहिला. त्यात तुम्ही मागच्या गळ्याला पान कसं काढायचं ते दाखवलंय. कागदाची घडी, खडूची रेघ, कात्री, मग अस्तर उलटवल्यावर निघालेलं ते सुबक पान. हात फार सुरेख चालतो तुमचा. शेवटच्या दोन सेकंदांत ॲपचं चिन्ह येतं आणि व्हिडिओ संपतो. पाहणारी बाई पान गळा शिकायला आली होती, शिकली आणि पुढे गेली. तो व्हिडिओ गळ्याचा झाला, ॲपचा झालाच नाही. उरलेल्या दहांत तुम्ही ॲपबद्दल बोलता, पण ते सगळे "नमस्कार मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला एका खूप उपयोगी ॲपची माहिती देणार आहे" असे सुरू होतात. एवढं वाक्य संपेपर्यंत अंगठा वर सरकलेला असतो.

त्या ४१ हजारांनी हुरळूनही जाऊ नका आणि खचूनही जाऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सची मोजणी बदलली आहे. व्हिडिओ चालू झाला की एक व्ह्यू धरतात, मग समोरच्याने तो अर्धा सेकंद पाहिलेला असो की पूर्ण. पुन्हा फिरून सुरू झाला तर आणखी एक. म्हणून भाच्याला यूट्यूब स्टुडिओ उघडायला सांगा. तिथे किती टक्के लोक थांबून पाहत राहिले आणि किती टक्क्यांनी सरकवून टाकला, हे वेगळं दिसतं. 'एंगेज्ड व्ह्यूज', म्हणजे लगेच न सरकवता खरोखर पाहिलेले व्ह्यूज, हा आकडाही तिथेच सापडतो. मी माझ्या कामात आधी हे दोन आकडे बघते, मग बाकीचं.

दुसरी गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. प्रत्येक शॉर्टच्या वर्णनात तुम्ही प्ले स्टोअरची लिंक टाकली आहे. ती दाबली जात नाही. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंका नुसती अक्षरं राहिल्या आहेत. फसवणुकीच्या लिंका फार पसरायला लागल्या म्हणून यूट्यूबने ती सोय काढली. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्येही तेच. तिथे दाबता येणारी लिंक मिळते ती प्रोफाइलवर किंवा स्टोरीच्या स्टिकरवर. म्हणजे तुमचा व्हिडिओ आवडलेल्या बाईला व्हिडिओ सोडून प्ले स्टोअर उघडायचं, नाव आठवायचं आणि टाइप करायचं, एवढा प्रवास करावा लागतो. तुमच्या ॲपच्या नावात 'व' आहे. इंग्रजी अक्षरांत कुणी तो व्हीने लिहील, कुणी डब्ल्यूने. मी दोन्ही लिहून पाहिलं. डब्ल्यूने लिहिलं तर तुमचं ॲप पहिल्या पानावर येतच नाही. प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरांची जागा मिळते, छोट्या वर्णनाला ८०. नाव देवनागरीतही घाला आणि वर्णनात 'ब्लाउज माप' हे शब्द आणा, कारण नाव विसरलेली बाई तेच शोधणार. व्हिडिओत नाव तोंडाने स्पष्ट दोनदा घ्या आणि चिन्ह मोठं करून तीन सेकंद तरी ठेवा.

आता व्हिडिओत दाखवायचं काय? इथे मला माझ्या पहिल्या कामाबद्दल सांगायलाच हवं.

२०२१ साली आमच्या वाळवा तालुक्यातल्या दोन मुलांनी दूध उत्पादकांसाठी एक ॲप केलं होतं आणि प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून १८ सेकंदांचा व्हिडिओ बनवला. फिरणारं चिन्ह, ढोल, 'दूध व्यवसायात नवं पर्व' अशी अक्षरं. कुणी विचारलं नाही. मग एका पहाटे साडेपाचला मी संकलन केंद्रावर जाऊन नुसती उभी राहिले. रांगेत किटल्या, कॅन, थंडीने आखडलेली माणसं. एक मावशी केंद्रवाल्याशी हुज्जत घालत होत्या. दहा दिवसांचं बिल आलं होतं आणि एका दिवसाची फॅट कमी लागलीय असं त्यांचं म्हणणं होतं. केंद्रवाला म्हणाला, पावती दाखवा. मावशींनी ब्लाउजमधून पाकीट काढलं, पाकिटातून पावती काढली आणि ती कोरी होती! तो मशीनचा कागद उष्णतेवर छापतो, घामाने आणि उन्हाने त्याची अक्षरं उडून जातात. मावशी ती पावती बल्बसमोर धरून उलटसुलट करून बघत राहिल्या. माझ्या पोटात तुटलं. घरी येऊन मी त्या मुलांना म्हटलं, तुमचं ॲप कशासाठी आहे ते मला आज कळलं.

मावशींची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही तेच चित्रित केलं. त्यांचा चेहरा घेतला नाही, फक्त हात. हातात कोरी पावती, बल्बचा उजेड, आवाज त्यांचाच: "ह्यात काय लिवलंय, वाचा की." मग तोच हात फोनवर, त्याच तारखेची नोंद: ४.२ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) ९.१. एकूण २१ सेकंद. संगीत घातलं नाही, मागे केंद्रातल्या मशीनची घरघर होती. तो व्हिडिओ गावोगावच्या दूधवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप फिरला, आणि लोक त्या मुलांना फोन करून विचारू लागले की 'पावती उडत नाही ते ॲप' कोणतं.

तुमच्याकडेही अशी कोरी पावती आहे, ताई. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की लगनसराईत फोन येतो, "मागचं माप आहे ना तुमच्याकडं?" आणि मग वही काढून बघावं तर पाटीलवहिनी तीन असतात. तिथे मी पेन ठेवलं. हाच तुमचा व्हिडिओ. तेल लागलेली, कोपरे दुमडलेली ती वही मशीनवर उघडी ठेवा. पहिलं वाक्य, नमस्कार न करता: "ह्या वहीत पाटीलवहिनी तीन आहेत. साडेनऊची बाही कुणाची?" तुमचं बोट पानावरून फिरतंय, एक नाव, दुसरं नाव, खोडलेली छाती, वर लिहिलेला मुंढा (बगलेभोवतीचं माप), पान उलटलं, तिसरी. हे सात-आठ सेकंद. त्यातच फोन वाजू दे. मग ॲपमध्ये 'पाटील' लिहा आणि तिघी तीन फोननंबरांनी आणि ब्लाउजच्या फोटोंनी वेगळ्या दिसू द्या. एकीवर बोट ठेवा: छाती, कंबर, उंची, शोल्डर, मुंढा, बाही, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. ते पान वाचता येईल इतका वेळ कॅमेरा स्थिर ठेवा, कारण शिवणारी बाई पहिलं हेच तपासणार की मुंढा आणि दंडघेर वेगळे लिहिता येतात का. शेवटी चिन्ह आणि नाव. २४-२५ सेकंदांत बसतं. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण तुमच्या गोष्टीला तीन मिनिटं लागत नाहीत.

फोन उभा धरा. खालच्या पाचव्या भागात आणि उजव्या कडेला काही महत्त्वाचं ठेवू नका. तिथे कॅप्शन आणि बदामाची, कमेंटची चिन्हं येतात. तुमच्या तीन व्हिडिओंत ॲपचं नाव नेमकं त्यांच्याखाली गेलंय. बोललेलं सगळं पडद्यावर मराठीत लिहून द्या. दुपारी सासरे झोपलेले असताना फोन आवाज बंद करूनच पाहिला जातो.

हा व्हिडिओ तुळशीच्या लग्नाच्या आधी टाका. पुढे लगनसराई, तेव्हा तुमच्यासारख्या सगळ्याजणी वही शोधत असतील. रील आणि शॉर्ट दोन्हीकडे टाकाच, पण मूळ फाइल व्हॉट्सॲपवर शिवणक्लासच्या ग्रुपवर लिंकसकट पाठवा. तिथली लिंक दाबता येते. भाच्याला सांगा, प्रत्येक ठिकाणासाठी प्ले स्टोअरची वेगळी खूण जोडलेली लिंक करता येते, आणि मग प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप टाकणाऱ्याच्या गूगल खात्यात, किती जण कुठून आले ते दिसतं. ती मूळ फाइल जपूनही ठेवा. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी जणांचं दोन-दोन वर्षांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं, कारण फोनमध्ये मूळ प्रत कुणी ठेवलीच नव्हती.

आणि ६३ला कमी म्हणू नका. त्या ६३ जणींपैकी किती जणींनी दहा तरी गिऱ्हाइकांची मापं भरली, ते बघा. नात्यातल्या सोडून अशा आठ जणी निघाल्या, तर त्या आठ जणींना फोन करा आणि काय आवडलं, कुठे अडलं ते ऐका. पुढचे आठ व्हिडिओ त्यातून निघतील.

प्रश्न : मी लातूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बसपासधारक मुलांसाठी ॲप केलं आहे. प्ले स्टोअर म्हणतं, आधी १२ टेस्टर आणा. टेस्टर मिळवायला रील करू का?

तुला 'तू'च म्हणते. रील करू नकोस. नव्या वैयक्तिक खात्यांना गूगलची अट आहे की १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. आधी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये कमी केली. रीलवरून आलेला अनोळखी माणूस चौथ्या दिवशी बाहेर पडतो आणि तुझे दिवस पुन्हा मोजायला लागतात. तुझ्या बसमध्ये रोज ४० मुलं असतात. त्यातली १५ घे, तीन गळाली तरी चालतील. पैसे घेऊन टेस्टर देतो म्हणणारे ग्रुप आहेत, त्यांच्याकडे जाऊ नकोस.

पण ते १४ दिवस वाया घालवू नकोस. माझ्या मते ॲपच्या आयुष्यात व्हिडिओसाठी इतका चांगला काळ पुन्हा येत नाही. पहिल्यांदा ॲप उघडणारा माणूस काय करतो ते तुला समोर बसून बघायला मिळतंय. त्यांना विचारून फोन शेजारी उभा करून ठेव आणि मदत न करता बघत राहा. कुठे बोट थांबतं? कुठे तो "अरे भारी" म्हणतो? ते "अरे भारी" ज्या क्षणी आलं, तोच तुझ्या पहिल्या रीलचा पहिला सेकंद. आणि जिथे बोट थांबलं, तिथे व्हिडिओ करू नकोस, ॲप दुरुस्त कर.

प्ले स्टोअरच्या पानावरही व्हिडिओ लावता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. तो यूट्यूबवर टाकून त्याची लिंक द्यायची असते. त्या व्हिडिओवर जाहिराती बंद ठेवाव्या लागतात. तो आडवा केलेला बरा, आणि पहिल्या १० सेकंदांतच ॲप प्रत्यक्ष चालताना दिसू दे. पुढे आयफोनसाठी केलंस तर लक्षात ठेव: ॲपलच्या स्टोअरवर हा व्हिडिओ १५ ते ३० सेकंदांचाच लागतो आणि त्यात ॲपचा पडदाच दिसायला हवा. बोटं, हात, फोन धरलेला माणूस त्यांना चालत नाही. म्हणजे रील आणि स्टोअरचा व्हिडिओ वेगवेगळे करायचे.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. फवारणीच्या नोंदी ठेवायचं ॲप मुलाने बनवलं आहे. शेतीचे व्हिडिओ करणारे एक जण आहेत, दोन लाख फॉलोअर. एका रीलचे १५ हजार मागतात आणि म्हणतात, 'जाहिरात' असं कुठेही लिहायचं नाही, नाहीतर लोक बघत नाहीत. द्यावेत का?

दादा, त्या अटीवर एक रुपयाही देऊ नका.

आधी नियम आणि कायदा सांगते. पैसे घेऊन किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहायला हवं, हा जाहिरात मानक परिषदेचा, म्हणजे ॲस्कीचा, नियम १४ जून २०२१ पासून आहे. व्हिडिओ १५ सेकंदांच्या आतला असेल तर ते अक्षर किमान तीन सेकंद दिसायला हवं, त्याहून मोठा आणि दोन मिनिटांच्या आतला असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. म्हणजे ३० सेकंदांच्या रीलमध्ये १० सेकंद. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये याच अर्थाची मार्गदर्शिका काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तो जाहिरात करणाऱ्याबरोबर करून घेणाऱ्यालाही लागू आहे.

पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच राहील. तुमचा मुलगा बागायतदारांकडून काय मागतोय? कोणतं औषध, किती मिली, कोणत्या तारखेला मारलं याची खरी नोंद. माल निर्यातीला जायचा असेल तर त्या नोंदीवर आणि काढणीआधी फवारणी बंद ठेवायच्या दिवसांवर अख्ख्या वर्षाचा पैसा अवलंबून असतो. असं ॲप ज्या व्हिडिओतून घरात येतं, तोच लपवाछपवीचा असेल तर शेतकऱ्याने त्या नोंदीवर विश्वास का ठेवावा?

मी स्वतः एकदा असाच घोळ करून बसले आहे, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहिते. एका व्यवसायाच्या ॲपसाठी एका प्रसिद्धी करणाऱ्या एजन्सीने मला हमी दिली: महिन्यात पाच हजार डाउनलोड, तीनशे पंचतारांकित अभिप्राय. मी हो म्हटलं. डाउनलोड आले. अभिप्राय आले, त्यातले कितीतरी जण 'छान गेम' म्हणत होते आणि ॲप होतं हिशेबाचं! पैसे देऊन अभिप्राय आणि इन्स्टॉल मिळवणं गूगल प्लेच्या नियमात बसत नाही. ते अभिप्राय एके दिवशी काढून टाकले गेले, त्यांच्याबरोबर खऱ्या माणसांचे काही गेले आणि मालकाला तोंड दाखवताना मला जड गेलं. एजन्सीचा फोन त्यानंतर लागला नाही.

त्या रीलवाल्यांना 'सशुल्क जाहिरात' असं लिहून करायला सांगा. तयार झाले, तरी आधी त्यांच्या शेवटच्या वीस व्हिडिओंखालच्या कमेंट वाचा. 'जय शिवराय दादा' आणि बदाम किती, आणि 'डाउनीला (द्राक्षावरच्या बुरशीला) हे चालेल का', 'छाटणीनंतर कितव्या दिवशी' असे प्रश्न किती? दोन लाखांत द्राक्षवाले पाचशेच असतील, तर १५ हजार त्या पाचशेंसाठी जातायत. त्यापेक्षा तुमच्याच गटातला, चार हजार फॉलोअर असलेला पण सगळे निफाड-दिंडोरीचे, असा एखादा बागायतदार बघा. व्हिडिओ ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या तोंडावर करा, बागेत उभं राहून, फवारणीचा ब्लोअर बंद झाल्याबरोबर, हात धुवायच्या आधी. नोंद विसरली जाते ती नेमकी तेव्हाच.

उरलेल्यातले तीन हजार जाहिरातीला लावून बघायचे असतील तर रीलखालचं 'बूस्ट' बटण दाबण्याऐवजी मुलाला गूगलची ॲप कॅम्पेन किंवा मेटाच्या ॲड्स मॅनेजरमधली ॲप प्रमोशनची वाट शिकायला सांगा, आणि भाग नाशिक जिल्ह्यापुरता ठेवा. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.

प्रश्न : रीलला गाजलेलं सिनेमाचं गाणं लावलं तर चालतं ना? सगळेच लावतात. (पनवेल)

तुमचं ॲप धंद्याचं आहे, तर लावू नका. इन्स्टाग्रामच्या संग्रहातली गाणी घरगुती, वैयक्तिक व्हिडिओंसाठी असतात. धंद्याच्या प्रसिद्धीसाठी मेटाचं साउंड कलेक्शन आणि यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी मोकळी आहे. आणि खरं सांगू, मशीनचा, कढईचा, बसच्या घंटीचा आपला आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त थांबवतो.

प्रश्न : मी गडहिंग्लजजवळ प्राथमिक शिक्षिका आहे. पाढ्यांचं ॲप आम्ही दोघी शिक्षिकांनी करून घेतलं. वर्गातल्या मुलांना ॲप वापरताना दाखवलं तर पालकांना पटेल असं वाटतं. मुलंही उत्साहात आहेत.

बाई, मुलांचा उत्साह म्हणजे परवानगी नव्हे. वर्गात तुम्ही विचारलं तर एकही मूल नाही म्हणणार नाही, कारण विचारणाऱ्या तुम्ही त्यांच्या बाई आहात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितली आहे. मुलांवर रोखलेल्या जाहिरातींनाही त्यात मनाई आहे. म्हणून व्हिडिओ पालकांसाठी करा, मुलांसाठी करू नका. गणवेश, शाळेचं नाव, चेहरा यातलं काहीही दिसू देऊ नका. एकदा इंटरनेटवर गेलेला दुसरीतल्या मुलीचा चेहरा आपल्याला परत आणता येत नाही.

तुमच्या ॲपमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेही आहेत हे वाचून मला फार आनंद झाला. माझे आजोबा बाजारात उभ्या उभ्या दिडकीने हिशेब करायचे. तुमच्या गावातल्या एखाद्या ऐंशीच्या आजोबांना बसवा, ते मोठी माणसं आहेत, विचारलं तर हो म्हणतील. मागून आपला आवाज: "आजोबा, चौदा दीड?" आजोबा तत्काळ: "एकवीस." "सतरा दीड?" "साडेपंचवीस." मग पडद्यावर ॲप, तीच दिडकी, आणि आजोबांच्या शेजारून एक लहान हात येऊन उत्तरावर टेकतो. फक्त हात, तोही त्याच्या आईसमोर, तिला पूर्ण व्हिडिओ दाखवून, तिची लेखी संमती घेऊन. हा व्हिडिओ पाहिला की घरातले आजी-आजोबाच नातवंडाच्या आईकडे ॲप मागतील.

प्रश्न : शिरपूरजवळच्या गावात आमच्या बचत गटाच्या हिशेबाचं ॲप आहे. मला कॅमेऱ्यासमोर यायचं नाही. आणि मी बोलते ती अहिराणी. प्रमाण मराठीत बोलायला गेलं की अडखळते. मुलगी म्हणते, पुण्याच्या मुलीचा आवाज विकत घेऊ.

आवाज विकत घेऊ नका. ताई, गटाची बैठक तुम्ही ज्या आवाजात चालवता, 'हप्ता कुणाचा राहिला' हे ज्या आवाजात विचारता, तोच आवाज ऐकून शेजारच्या गावची अध्यक्ष थांबणार आहे. पुण्याच्या आवाजातलं 'बचत गटांसाठी एक सुलभ उपाय' तिच्या कानावर पडलं तर तिला वाटेल की पुन्हा कुणीतरी काहीतरी विकायला आलं.

चेहरा नको, हे तुमचं म्हणणं तुमच्यासाठी पुरेसं कारण आहे, त्याचं स्पष्टीकरण कुणालाही देऊ नका. कॅमेरा वरून खाली धरा. सतरंजी, मध्ये पेटी, रजिस्टर, शिक्क्याचं पॅड, नोटा मोजणारे हात. गटातल्या बायांची नावं आणि रकमा रजिस्टरवर दिसत असतील तर तेवढं पान झाका किंवा कोऱ्या पानावर खोटी नावं लिहून घ्या, दुसरीचं कर्ज सगळ्या गावाला कळायला नको. बोला अहिराणीत आणि खाली अक्षरं साध्या मराठीत द्या, म्हणजे सांगलीची मीही तो व्हिडिओ समजू शकेन. पहिल्यांदा आवाज रेकॉर्ड करताना लिहून वाचू नका. मुलीला समोर बसवा आणि तिला समजावून सांगा की मागच्या महिन्यात ४० रुपये कुठे गेले ते शोधायला किती वेळ लागला होता. ती मध्ये प्रश्न विचारेल, विचारू द्या. नंतर कापायचं काम तिचं.